लग्नघरात कोणते गाणे असावे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून लग्नातील गाण्यांविषयी बोलणे आपणांस थोडे विचित्र वाटेल. परंतु ज्या प्रश्नावरून घरोघरी लग्नाआधी आठ दिवस अबोला धरला जातो, त्याविषयी एकदा शांतपणे बोललेले बरे. मी आपल्या गावचे उदाहरण मुद्दामच घेत नाही. घरचे उदाहरण निघाले की माणसे बाजू घेऊन बसतात. म्हणून मी आज सोमाली लोकांविषयी सांगणार आहे.

सोमाली लोक आफ्रिकेच्या पूर्व टोकाला राहणारे. आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच तेही शाफई मसलकाचे. त्यांच्या किनाऱ्यासमोरचे एडन बंदर 1839 पासून 1932 पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. तेव्हा ही माणसे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे नैरोबीस काही महिने राहिले. तेथील ईस्टली भागात सोमाली वस्ती मोठी आहे. शेजारच्या एका घरी मुलीचे लग्न ठरले आणि गाण्यावरून वाद सुरू झाला. भावांना कीबोर्डवाला आणि गायक हवा होता. मामांचे म्हणणे, दफ सोडून दुसरे वाद्य नको. वधूची आई दोघांच्या मध्ये सापडली. मी मनात म्हटले, हे तर आपल्याकडचेच घर!

दोन्ही बाजूंना आधार होता, हे आपण लक्षात घ्यावे. निकाह गुपचूप होऊ नये, तो दफ वाजवून जाहीर व्हावा, अशा आशयाची हदीस आहे. तंतुवाद्यांविषयी मात्र उलेमांमध्ये मतभेद आहेत. सोमाली समाजाने हा वाद पुष्कळ भोगला आहे. 1940 च्या दशकात अब्दी सिनिमो या ट्रकचालकाने ‘बलवो’ नावाची छोटी प्रेमगीते प्रचारात आणली, तेव्हा धार्मिक मंडळींनी कडाडून विरोध केला. पुढे एडनमध्ये वाढलेले अब्दुल्लाही कर्शे यांनी सोमाली गाण्यात ऊद हे तंतुवाद्य रूढ केले आणि तीच गाणी घराघरांत पोहोचली. 1988 साली हार्गेसा शहरावर बॉम्बहल्ले झाले, तेव्हा तेथील रेडिओच्या ध्वनिफिती लोकांनी जमिनीत पुरून वाचविल्या. याउलट 2010 च्या एप्रिलमध्ये मोगादिशूत एका सशस्त्र गटाने रेडिओवरील संगीत बंद करावयास लावले. एकाच समाजात गाणे पुरून जपणारेही निघाले आणि बंदुकीच्या जोरावर थांबविणारेही निघाले.

पण या साऱ्या वादात एक गोष्ट बाजूला राहिली होती. ती वधूच्या मावशीने पुढे आणली. मावशी हार्गेसाहून आली होती आणि ती ‘बुरानबुर’ म्हणणारी होती.

बुरानबुर हा सोमाली बायकांचा स्वतःचा काव्यप्रकार. बायका गोल करून उभ्या राहतात. एकजण कवन म्हणते, बाकीच्या टाळ्यांचा ठेका धरतात, ढोल वाजतो आणि मध्ये येऊन एकदोघी नाचतात. कवनात वधूची, तिच्या आईची आणि दोन्ही घराण्यांची स्तुती असते. सोमाली काव्याचा एक कडक नियम आहे. कवन एका अक्षरावर धरले की प्रत्येक ओळीत त्या अक्षराने सुरू होणारा शब्द यावाच लागतो. सोमाली भाषेला सरकारमान्य लिपी मिळाली ती 1972 साली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या अक्षर न गिरविलेल्या बायकांनी हा नियम तोंडपाठ पाळला. याला अशिक्षितपणा म्हणावयाचे का, याचा आपणच विचार करावा.

मावशी चार दिवस वधूच्या आईला प्रश्न विचारत होती. मुलीला लहानपणी कोणी सांभाळले? आजीचे माहेर कोणते? 1991 साली यादवी पेटली तेव्हा कुटुंब कोणत्या वाटेने केनियात आले? असे गाणे बाजारात विकत मिळत नाही, कारण ते त्या एकाच मुलीसाठी रचलेले असते.

शेवटी आईने मार्ग काढला. निकाहच्या बैठकीत कोणतेच वाद्य नको. पुरुषांच्या दालनात दफ आणि ‘नबी-अम्मान’, म्हणजे हुजूरांच्या स्तुतीची गीते. बायकांच्या दालनात आधी बुरानबुर, आणि ते संपेपर्यंत लाउडस्पीकर बंद. त्यानंतर मुलींनी निवडलेली गाणी, पण यादी आईने आधी पाहिलेली; आणि त्या दालनात गाणारी बाईच असावी. मामा रुसून गेले नाहीत, भाऊही रुसले नाहीत.

बुरानबुर सुरू झाले. ढोलाचा ठेका मलाही कळत होता, शब्द कळत नव्हते. माझ्या शेजारी बसलेली वधूची धाकटी बहीण हळूच म्हणाली, “बाई, मलाही निम्मेच कळते.” ती इंग्रजी आणि स्वाहिली शाळेत शिकली होती. एका ओळीवर साऱ्या बायका एकदम ओरडल्या आणि वधूची आई रडू लागली. मुलीने आईला विचारले तेव्हा उलगडा झाला. आजीने या आईला पाठीवर बांधून सरहद्द ओलांडली होती, ते त्या ओळीत होते. घरातली एवढी मोठी हकिकत त्या मुलीला बहिणीच्या लग्नाच्या दिवशी प्रथम समजली!

मला त्या वेळी माझ्या स्वतःच्या मुलीचे लग्न आठवले. हळदीच्या रात्री माझी सासू आणि दोन वृद्ध बायका ढोलकी घेऊन बसल्या होत्या. आम्ही हौसेने लाउडस्पीकर लावला होता. त्यांनी दोन गाणी म्हटली, आवाज पोहोचेना, म्हणून ढोलकी बाजूला ठेवली. कोणी त्यांना उठविले नाही. पण कोणी लाउडस्पीकरही बंद केला नाही. त्यांत मीही होते. आज त्या तिघीही हयात नाहीत आणि ती गाणी मला पुरती येत नाहीत.

तेव्हा पालकांनो, लग्नाचे गाणे ठरविताना आधी तीन गोष्टी पाहाव्यात. घरातील कोणाला उठून जावे लागेल का? शब्द आपल्या लेकीबाळींसमोर शोभतील असे आहेत का? आणि या मुलीसाठी, या घरासाठी म्हटलेले निदान एक तरी गाणे त्यात आहे का? पहिल्या दोन गोष्टी आपण पाहतो. तिसरीचा आपल्याला विसर पडतो, आणि खर्च मात्र तिच्यावर काहीच होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. या सुट्टीत एक वही घ्या. आजीजवळ, नानीजवळ बसा. तिला येणारे लग्नाचे गाणे लिहून घ्या. न कळणारा शब्द विचारा, त्यामागची हकिकत विचारा. ढोलकीचा ठेका तुमच्या कानांना कळेलच. शब्दही कळावेत, एवढीच माझी इच्छा आहे.