गोळी सोडण्याआधी

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. बोलणार आहे ते त्याच नात्याने.

मला हार्ट ॲटॅक आलेला नाही. पण कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिन सुरू केलं. दोन महिन्यांत पोटऱ्या दुखू लागल्या. मी कुणालाही न सांगता गोळी बंद केली आणि 'नैसर्गिक' म्हणून रेड यीस्ट राईसच्या कॅप्सूल आणल्या. पुढे वाचलं की त्यातलं मोनाकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिनच! फक्त कुठल्या बाटलीत किती, याचा भरवसा नाही. बुवाबाजीवर तावातावाने बोलणाऱ्या माणसाची ही गत.

मग आकडे पाहिले. स्कँडिनेव्हियात हृदयरोग असलेल्या ४,४४४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. पाच-साडेपाच वर्षांत नकली गोळी घेणारे २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणारे १८२. याला 'मृत्यू ३० टक्क्यांनी घटले' म्हणता येतं आणि 'शंभरात तीन-साडेतीन वाचले' असंही. दोन्ही खरं आहे. डॉक्टरांकडून दुसऱ्या भाषेतलं उत्तर मागावं, आणि तेही आपल्यापुरतं. ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय त्यांचा हिशोब सोपा आहे. माझ्यासारख्यांचा फायदा कमी असतो. अर्थात, आपण दक्षिण आशियाई असणं हेच धोका वाढवणारं कारण आहे, असं अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात.

आता दुसरं पारडं. 'लॅन्सेट'मधल्या २०१६च्या आढाव्यानुसार दहा हजार जणांनी पाच वर्षं भरपूर डोस घेतला तर स्नायूंचा गंभीर विकार सुमारे पाच जणांना होतो, नवा मधुमेह ५० ते १०० जणांना. आपल्या घराघरांत मधुमेह, तेव्हा हा आकडा मला खटकतो. शिवाय स्टॅटिनच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांना पैसा औषध कंपन्यांचा होता. सेरिव्हास्टॅटिन तर स्नायूंची नासाडी होऊन माणसं दगावल्यामुळे २००१ साली बाजारातून काढून घ्यावं लागलं.

पण मला हलवलं ते २०२०च्या एका ब्रिटिश प्रयोगाने. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी, काही महिने काहीच नाही. त्रासाचे सरासरी गुण: गोळीविना ८, नकली गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३! दुखणं खोटं नव्हतं. पण त्यातलं बहुतेक नकली गोळीनेही होत होतं.

मी डॉक्टरांकडे परत गेलो, सगळं कबूल केलं. रक्तातलं सीके तपासलं, ते ठीक निघालं. आता दुसरं स्टॅटिन, कमी डोस. असह्य दुखलं, अशक्तपणा आला किंवा लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी फोन करायचा, असं ठरलंय. पोटऱ्या अधूनमधून दुखतात. बागेत खणलं की जरा जास्त.

तुमच्यापैकी किती जणांनी डॉक्टरांना न सांगता गोळी सोडली आहे? हात वर करा, लाजू नका.