स्वमग्न विद्यार्थी आणि रोजगाराचा हक्क



स्वमग्नतेविषयी आपल्याकडे जी थोडीबहुत चर्चा होते, ती बहुधा लहान मुलांची होते. मूल उशिरा बोलू लागले, नजरेला नजर देत नाही, येथून ती सुरू होते आणि शाळाप्रवेशापाशी थांबते. परंतु हेच मूल पुढे बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या दारात उभे राहते. स्वमग्नता ही बालपणी येऊन जाणारी व्याधी नव्हे. मेंदूच्या घडणीतील ती भिन्नता आयुष्यभर सोबत राहते. साहाय्य मात्र नेमके याच वयात आटते. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तोही सहा ते अठरा या वयापुरताच.

वास्तविक हा कायदा म्हणजे मोठे पाऊल होते. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, तथापि तेथे पालकत्वाच्या प्रश्नाला मोठे स्थान होते. २०१६ मध्ये प्रथमच शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा आणि शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण यांत स्वमग्न व्यक्तींना वाटा मिळाला. वाटा केवढा, हेही पाहावयास हवे. चारांपैकी तीन टक्के दृष्टी, श्रवण आणि हालचालीविषयीच्या दिव्यांगत्वासाठी आहेत. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा सर्वांना दाटीवाटीने बसविले आहे.

प्रवेश मिळतो, म्हणून प्रश्न सुटत नाही. शाळेत एक वर्ग, एक बाक, ओळखीचे शिक्षक असतात. महाविद्यालयात दर तासाला खोली बदलते, जिन्यावर गर्दी लोटते, वेळापत्रकातील बदल फळ्यावर आयत्या वेळी लागतो. प्राध्यापक आले नाहीत म्हणून तास रद्द झाला, की इतर मुलांना आनंद होतो. स्वमग्न विद्यार्थ्याचा सारा दिवस त्याने विस्कटू शकतो. तोंडी परीक्षेत 'या विषयावर काहीतरी सांगा' असे परीक्षक म्हणतात आणि विषय पक्का ठाऊक असलेला विद्यार्थी गप्प राहतो, कारण 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे त्याला उमगत नाही. प्रश्न नेमका, लेखी स्वरूपात पुढे ठेवला तर तोच विद्यार्थी उत्तर देऊ शकेल. लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जादा देण्याची तरतूद २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी केली. तेवढे दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा समज अनेक प्राचार्यांचा दिसतो. बदलाची आगाऊ सूचना, बसण्याची निश्चित जागा, गोंगाटापासून दूर एखादी खोली, अडचण सांगण्यासाठी नेमून दिलेला एक प्राध्यापक, यांस पैसा असा किती लागतो? आणि ज्यांचे प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांखाली आहे त्यांचे काय, हा प्रश्नही आता निरुत्तर नाही. लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांवरील व्यक्तींपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तो खटला स्वमग्नतेचा नव्हता, परंतु तत्त्व तेच आहे.

आज ही व्यवस्था कोणीच करीत नाही असे नव्हे. ती आई करते. ती मुलासोबत लोकलने येते, व्हरांड्यात बसून राहते, सूचनाफलक वाचते, कार्यालयात विनवण्या करते. अनेकदा त्यासाठी तिने स्वतःची नोकरी सोडलेली असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमांची नोंद नाही. संस्था जो खर्च वाचवितात तो नाहीसा होत नाही. बिनपगारी स्त्रीश्रमाच्या खात्यावर टाकला जातो. ज्या घराला आईची मजुरी सोडणे परवडत नाही, तेथील मुलगा महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नाही.

रोजगाराची कथा याहून कठीण आहे. नव्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले, ही चांगली संधी होती. परंतु प्रशिक्षणाची जागा विद्यार्थ्यानेच शोधावयाची असेल, तर अनोळखी माणसाला दूरध्वनी करणे ज्याला अवघड जाते तो तेथेच अडतो. मुलाखतीचेही तसेच. हिशेब तपासणे, ग्रंथालयातील नोंदी करणे, प्रयोगशाळेतील नमुने लावणे या कामांसाठी घेतलेली मुलाखत प्रत्यक्षात संभाषणचातुर्याची परीक्षा असते. त्याऐवजी आठवडाभर काम देऊन पाहावे. सॅप या जर्मन संगणक कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले होते, की २०२० पर्यंत आपल्या कर्मचाऱ्यांत एक टक्का स्वमग्न व्यक्ती असतील; ती त्या लक्ष्याच्या बरीच मागे राहिली. शिवाय प्रत्येक स्वमग्न तरुण संगणकातील विलक्षण बुद्धिमान असतो, ही समजूत चित्रपटांनी पसरविलेली आहे. साध्या कामाची साधी नोकरी मागणाऱ्याला तिचा उपद्रवच होतो.

खाजगी क्षेत्रावर तर कायद्याने आरक्षणाचे बंधन घातलेले नाही. पाच टक्के दिव्यांग कर्मचारी नेमणाऱ्या मालकांना शासनाने प्रोत्साहन द्यावे, आणि तेही 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत', एवढेच कलम ३५ म्हणते. विनाअनुदानित महाविद्यालयांना पाच टक्के जागांची अटही लागू नाही. म्हणजे शिक्षण व रोजगार जसजसे खाजगी हाती जातात, तसतसे कायद्याने दिलेले हक्क कलम न बदलता आक्रसत जातात. ज्यांना काम मिळते त्यांच्याही हाती पुष्कळदा पगार पडत नाही, 'मानधन' पडते. दिवसभर लिफाफे भरणाऱ्या तरुणाच्या श्रमाला किमान वेतन का नाही, असे विचारले, की त्याचे मन रमते हेच पुष्कळ, असे उत्तर येते. इतर कोणत्याही कामगाराविषयी असे बोलण्याचे धाडस मालक करणार नाही.

या ठिकाणी कामगार आणि प्राध्यापक संघटनांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. निश्चित पाळी, लेखी सूचना आणि शांत जागा एका सहकाऱ्याला मिळाली, की ती पक्षपाताची सवलत समजून कुरबुर होते. ही व्यवस्था त्यांच्या मागणीपत्रकात किमान वेतनाच्या शेजारी यावयास हवी, आणि महाविद्यालयातील साहाय्यकाचे पद मंजूर, वेतनश्रेणीचे असावे, कंत्राटी नसावे.