मैदा लकडी : साल कोणाची, भाव कोणाचा?

(अड्याळ येथील मेळाव्यात केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून इथे धानाच्या पट्ट्यात आलेले तुम्ही लोक विचाराल, भावाची लढाई सोडून हे झाडाचे काय काढले? आमचे उत्तर सरळ आहे. कापूस ज्या रीतीने लुटला जातो, त्याच रीतीने जंगलातले एक झाड लुटले जाते. फरक एवढाच की कापूस पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येतो. हे झाड एकदा सगळीकडून सोलले की मेलेच.

झाडाचे नाव मैदा लकडी. शास्त्रीय नाव लिटसिया ग्लुटिनोजा. दालचिनी, तमालपत्र, कापूर यांच्या कुळातले, बारमाही हिरवे झाड. याची साल कुटून पाण्यात कालवली की चिकट लगदा होतो. पाय मुरगळला, हाड दुखावले की त्याचा लेप घालायची रीत जुनी आहे. पण आज सालीला गिऱ्हाईक आहे ते उदबत्तीसाठी. कोळशाची भुकटी आणि लाकडाचा भुसा बांबूच्या काडीला धरून ठेवायला जो चिकटा लागतो, तो या सालीच्या पिठातून मिळतो. व्यापारात त्याला जिगट म्हणतात.

2019 साली केंद्र सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. 2020 साली बांबूच्या काडीवरचे आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 25 टक्के केले. धंद्याला संरक्षण मिळाले, त्याला आमची हरकत नाही. पण साल आणणाऱ्याच्या पदरात काय पडले? हा माणूस कोण? तुमच्या-आमच्यासारखाच कोरडवाहूवाला, उन्हाळ्यात हाताला काम नसलेला. तो साल ओली काढतो, वाळवतो, डोक्यावर वाहतो. पीठ दळले जाते दुसरीकडे आणि भाव ठरतो तिसरीकडे. कापूस आपला आणि सरकी-रुईचा हिशेब दुसऱ्याचा, तीच ही गत.

आता झाड का मरते ते समजून घ्या. पानात तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. खोडाभोवती पूर्ण कडे सोलले की ती वाट तुटते. वरची पाने काही दिवस हिरवी दिसतात, कारण पाणी लाकडातून चढतच असते. पण खाली मुळे उपाशी पडतात आणि झाड वाळते. शिवाय या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. फळ मादीलाच धरते. फळणारी झाडे सोलली की पुढचे रोपही गेले. तेंदूचे पान दरवर्षी नवे फुटते, तशी ही साल नव्हे.

झाड नाजूक आहे म्हणून संपते, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मॉरिशसमध्ये हेच झाड बाहेरून नेले गेले आणि तिथे ते इतके माजले की रानात उपद्रवी ठरले. तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणजे दोष झाडाचा नाही. आणि सोलणाऱ्या गरिबालाही आम्ही दोष देत नाही. आज आपण अर्धी साल ठेवली तर उद्या दुसरा नेईल, हे त्याला ठाऊक असते. ज्याचा हक्क नाही, तो राखणार कशासाठी?

हक्काचा कायदा मात्र आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्यांना दिला. आदिवासींबरोबर तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षे राहिलेल्या इतर वननिवासींनाही तो आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 साली आपल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती घेतला. बांबूला जे झाले, ते सालीला का होऊ नये?

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, जंगलाला लागून असलेल्या गावांनी सामूहिक हक्काचे दावे करावेत आणि ग्रामसभेने नियम घालावा : उभ्या झाडाचे पूर्ण कडे कोणी सोलायचे नाही, फळणाऱ्या मादीला हात लावायचा नाही.

दुसरी, साल सुटी विकू नये. गावाने एकत्र वाळवावी, एकत्र तोलावी, भाव एकदाच बोलावा.

तिसरी कापूसवाल्यांसाठी. नाल्याच्या काठी, विहिरीजवळ, जिथे ओल टिकते तिथे चार-दोन झाडे लावा. भेगा पडणाऱ्या काळ्या रानाच्या मधोमध नको. फळ काळे पडले की गर धुऊन बी ताजेच पेरा, वाळून पडलेल्या बियांचा भरवसा नाही. आपल्या शेतातल्या झाडाचा फाटा तोडून त्याची साल काढा, बुंधा फुटू द्या.

एकरी लाखाचे आकडे आम्ही सांगणार नाही. 1990 नंतर सागवानाच्या योजनांनी असे आकडे सांगून किती जणांना बुडवले, हे तुम्ही पाहिले आहे. हे झाड तुमचे कर्ज फेडणार नाही. पण माल आपला, हक्क आपला आणि भावही आपणच बोलायचा, हा धडा ते देईल. तोच धडा कापसाला लागू आहे.

जय किसान!