भुईचक्राच्या न्यायाने

दिवाळीच्या रात्री अंगणात पेटविलेले भुईचक्र गरगर फिरू लागते, तेव्हा त्याला मध्यभागी धरून कोणी फिरवीत नसते. त्याच्या कडेतून ज्वालेचा झोत एका दिशेने सुटतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चक्र विरुद्ध दिशेस ढकलले जाते. मुलांच्या या खेळण्यातील तत्त्व वापरून माणसाला आकाशात उचलता येईल काय, असा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका ऑस्ट्रियन अभियंत्याने गंभीरपणे हाती घेतला. त्याचे नाव फ्रीडरिश फॉन डोब्लहोफ. त्याने काढलेल्या उत्तराची कथा विज्ञानाच्या दृष्टीने बोधप्रद आहे आणि माणसांच्या दैवगतीच्या दृष्टीनेही.

हेलिकॉप्टर बनविणाऱ्याला प्रथम एका अडचणीशी झुंजावे लागते. यंत्राच्या धडात बसविलेले इंजिन माथ्यावरचा पंखा एका दिशेने फिरवू लागले की धड स्वतः उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवरण्यासाठी लांब शेपटी काढून तिच्या टोकाशी दुसरा लहान पंखा बसवावा लागतो. शिवाय इंजिनाची वेगवान गती पंख्याला मानवेल इतकी मंद करण्यासाठी दातेरी चक्रांची जड पेटी लागते. हे सारे ओझे वाहण्यातच इंजिनाची बरीच शक्ती खर्ची पडते. डोब्लहोफचा विचार सरळ होता. पंख्याला मध्यावरून पीळ न देता पात्यांच्या टोकांनाच झोत बसविले, तर धडाला उलट पीळ बसणार नाही. मग तो शेपटीचा पंखाही नको आणि ती दातेरी चक्रेही नकोत.

व्हिएन्नाच्या दक्षिणेस असलेल्या वीनर नॉयश्टाट येथील विमानकारखान्यात त्याने हे काम आरंभिले. उड्डाणाच्या चाचण्या व बांधणी ऑगस्ट श्टेपान पाहत असे, तर गणिताची बाजू थिओडोर लाउफर सांभाळीत असे. इंजिनाने दाबलेली हवा इंधनात मिसळून पोकळ पात्यांतून टोकांपर्यंत न्यायची आणि तेथील लहान कोठ्यांत ती पेटवायची, अशी त्यांची योजना होती. १९४३ साली त्यांचे पहिले यंत्र जमिनीवरून उचलले गेले. पात्यांच्या टोकांवरील झोतांनी उडालेले जगातील ते पहिले हेलिकॉप्टर होय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीनर नॉयश्टाटवर बाँबवर्षाव झाला आणि सारे काम दुसऱ्या गावी हलवावे लागले.

तत्त्व खरे ठरले, परंतु त्याची किंमतही कळून चुकली. टोकांवरचे झोत इंधन अक्षरशः गिळीत. म्हणून चौथ्या यंत्रात एक तडजोड केली गेली. झोत केवळ उडताना, अधांतरी थांबताना आणि उतरताना पेटवायचे. एकदा पुढची गती मिळाली की मागे बसविलेल्या पंख्याने यंत्र ढकलायचे आणि माथ्यावरची पाती वाऱ्यानेच फिरू द्यायची. १९४५ च्या वसंतात रशियन सेना जवळ येऊ लागली, तेव्हा या मंडळींनी ते चौथे यंत्र पश्चिमेकडे झेल अम झे येथवर नेले. तेथे ते अमेरिकनांच्या हाती पडले.

युद्ध संपले, पण ऑस्ट्रिया चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात गेला. १९५५ सालचा राज्यकरार होईपर्यंत त्या देशाला आपला विमानउद्योग उभारता येणे शक्य नव्हते. एका छपराखाली काम केलेले तिघे सहकारी तीन देशांना पांगले. डोब्लहोफ अमेरिकेत मॅक्डॉनेल कंपनीत गेला, श्टेपान इंग्लंडात फेअरी कंपनीत आणि लाउफर फ्रान्समध्ये. घराला मुकलेली एकच कल्पना तीन भूमींत रुजू लागली.

अमेरिकेत तिच्यातून 'एक्सव्ही-१' हे यंत्र उभे राहिले. १९५५ साली त्याने हेलिकॉप्टरसारखे उठून विमानासारखे उडून दाखविले आणि १९५६ साली ताशी ३२० किलोमीटरचा वेग गाठला. तरीही १९५७ साली ती योजना गुंडाळण्यात आली. इतक्या गुंतागुंतीच्या मानाने लाभ अल्प, असा निर्णय झाला. इंग्लंडात त्याहून मोठे स्वप्न पाहिले गेले. सुमारे चाळीस उतारू नेणारे 'रोटोडाइन' १९५७ साली उडाले. शहराच्या मध्यातून उठून दुसऱ्या शहराच्या मध्यात उतरावे, हा त्याचा हेतू होता. परंतु टोकांवरच्या झोतांचा कर्कश आवाज शहराला सोसण्याजोगा नव्हता. खर्च वाढत गेला, पाठबळ आटले आणि १९६२ साली हेही काम थांबले. रोटोडाइन एकच बनले.

यश मिळाले ते फ्रान्समधील लहानशा यंत्राला. तेथे आधीच्या 'एरिएल' यंत्रांत टोकांवर इंधन जाळले जाई. नंतरच्या रचनेत ती आगच काढून टाकली गेली. लहान टर्बाइनने दाबलेली हवा पोकळ पात्यांतून न्यायची आणि टोकांतून नुसती सोडायची, एवढेच. टर्बाइनचा उरलेला झोत शेपटीच्या सुकाणूवर सोडून यंत्राला वळविता येई. दोन माणसे नेणाऱ्या या यंत्राचे रिकामे वजन चारशे किलोहूनही कमी होते. अरबी कथांतील अदृश्य शक्तीवरून त्याला 'जिन' हे नाव मिळाले. १९५३ साली ते प्रथम उडाले आणि १९५७ साली ८,४८२ मीटर उंचीवर पोहोचले. एकूण १७८ यंत्रे बनली. त्यांतील शंभर फ्रेंच सैन्याकडे गेली, तर काही शेतांवर औषध फवारण्याच्या कामी आली.

जिनलाही इंधन फार लागे. टर्बाइन इंजिने हलकी व बलवान झाली, तसे दातेरी चक्रांचे ओझे जाणवेनासे झाले. १९५५ साली फ्रान्समध्येच उडालेल्या 'अलुएट-२' ने जुनीच पद्धत नव्या इंजिनाने यशस्वी केली. तिच्याच कुळातील 'अलुएट-३' पुढे बंगळूर येथे 'चेतक' या नावाने बनू लागले, हे भारतीय श्रोत्यांना ठाऊक असेल. ज्या अडचणीवर डोब्लहोफने तोड काढली होती, ती अडचणच लहान झाली.

मग हे सारे श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. डोब्लहोफचे तत्त्व कोठेही खोटे ठरले नाही. मोठ्या यंत्रात त्याच्यावर वेगाचे आणि उतारूंचे ओझे लादले गेले, तेथे ते वाकले. लहान यंत्रात अनावश्यक ते टाकून दिले गेले, तेथे ते वर्षानुवर्षे उपयोगी पडले. कल्पनेला सत्यता लागते, तशी बेताची जागाही लागते. झेल अम झे येथे हाती पडलेले ते चौथे यंत्र अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपलेले आहे. आपल्या मायभूमीत ज्याला पुढे वाव मिळाला नाही, त्या विचाराची ती मूळ खूण होय.