यंत्र, अध्यापक आणि अंदाजपत्रक

महाविद्यालयाने महागडे यंत्र घ्यावे की त्याच पैशात ग्रंथ आणि अध्यापक वाढवावेत, हा वाद जुना आहे. या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष बहुधा खरेदीच्या रकमेवरच खिळलेले असते.

ऑगस्ट १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'आयबीएम १६२०' हा संगणक बसविण्यात आला. अमेरिकन साहाय्याने आलेले ते यंत्र गरीब देशाची चैन वाटावी असेच होते. परंतु संस्थेने ते कुलपात ठेवले नाही. विद्यार्थी आपली उदाहरणे छिद्रित कार्डांवर उतरवून ती यंत्रावर सोडवू लागले. प्रा. राजारामन आणि त्यांचे सहकारी बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठीही अल्पमुदतीचे वर्ग घेत. कालांतराने यंत्र जुने झाले. तेथे शिकलेली माणसे मात्र देशभर कामी आली.

याच्या उलट अनुभव 'आकाश' या टॅबलेटचा. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे अनावरण झाले. शासनाला तो नगामागे सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता आणि ह्या स्वस्ताईचेच कौतुक अधिक झाले. परंतु पहिल्या आवृत्तीची गती मंद, पडदा हट्टी आणि बॅटरी अल्पजीवी निघाली. ज्या राष्ट्रीय योजनेतून हा खर्च झाला, तिच्याच पैशातून मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने दूरस्थ केंद्रे जोडून हजारो अभियांत्रिकी अध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण दिले. त्या कार्याचा गाजावाजा 'आकाश'इतका झाला नाही. पण एका अध्यापकाला मिळालेले ज्ञान वर्षानुवर्षे नव्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत राहते.

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे म्हणून आपण उधळेपणाला हसतो. शिक्षणातील यंत्रांना मात्र हा मसाला चुकत नाही. वीज, दुरुस्ती, शिकविणारा माणूस आणि काही वर्षांनी पुन्हा खरेदी, या बाबी अंदाजपत्रकात नसतील, तर तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा उद्घाटनानंतर लवकरच धूळ खाऊ लागते. आणि तिच्यापायी ग्रंथालयाची वर्गणी कापली गेली असेल, तर विद्यार्थ्याचे दुहेरी नुकसान होते.

म्हणून अनुदान मंजूर करणाऱ्याने किंमत विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : हे यंत्र शिकविणार कोण, आणि विद्यार्थ्याचा हात त्याला आठवड्यातून किती तास लागणार? ह्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मोठा खर्चही सार्थकी लागतो.