हजला नव्हे, ड्युटीला

मैत्रिणींनो, माझी ओळख आत्ता ‘हज करून आलेल्या सिस्टर’ अशी करून दिली. थोडी दुरुस्ती करते. २०२४ साली मी मक्केला गेले ती सरकारी वैद्यकीय पथकातली परिचारिका म्हणून, प्रतिनियुक्तीवर.

आदेश आला तेव्हा नातेवाइकांनी दोन गोष्टी ऐकवल्या. एक, नशीबवान आहेस, फुकटात यात्रा होतेय. दुसरी, सोबत घरचा पुरुष नाही, तेव्हा नकार कळव. दोन दिवस माझी सही होईना. शेवटी अम्मी म्हणाली, “वॉर्डात नाइट करतेस, तेव्हा कोण असतं सोबत?” मी सही केली.

त्या वर्षी १७ जूनला मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. हजच्या काळात १,३०१ जण दगावल्याचं सौदी सरकारनेच जाहीर केलं. उष्माघाताचा रुग्ण बरळत येतो. त्याला आधी सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी, वर पंखा, काखेत बर्फ. रुग्ण बाई असेल तर कपड्यांना हात लावायलाही बाईच हवी. मराठवाड्यातली एक आजी शुद्धीवर आली, माझी मराठी ऐकून हात सोडेना.

२०१८पासून पंचेचाळिशीपुढच्या आपल्या बायका मेहरमशिवाय हजला जाऊ शकतात. मग त्यांची शुश्रूषा करणारीनेच घरी का थांबायचं?

उद्या असा आदेश तुमच्या हाती आला, तर कामाचे तास, मुक्कामाची सोय, भत्ता, सगळं नीट विचारा. ‘सोबत कोण?’ हा प्रश्न मात्र तुमच्या सहीआड येऊ देऊ नका.