हजेरीपटाबाहेरची मुलं



समाजकार्याची पदवी घेऊन पुढे काय करणार, असं तुमच्या घरचे नक्की विचारत असतील. एखाद्या संस्थेत लागेन, नाही तर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होईन, असं तुम्ही सांगत असाल. मी हीच पदवी घेऊन जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात गेले आणि गटशिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीत मला ज्यांचा आधार वाटला, त्या जे. पी. नाईक आणि डॉ. चित्राताई नाईक या पती-पत्नींविषयी आज बोलणार आहे.

जे. पी. १९०७ साली कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीत जन्मले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तिथे त्यांनी गावसुधारणेचं आणि साक्षरतेचं काम केलं. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मूल कोणत्याही वयात, कोणत्याही टप्प्यावर शाळेत येऊ शकलं पाहिजे, ज्याला दिवसभर बसणं जमत नाही त्याला थोडा वेळ तरी शिकता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. खेड्यात राहिलेल्या माणसालाच हे सुचतं, असं माझं ठाम मत आहे.

चित्राताई पुण्याच्या, जन्म १९१८चा. त्या महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या, पुढे नियोजन आयोगाच्या सदस्यही झाल्या. १९८६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधलं. दिवसा गुरं राखणाऱ्या, धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या मुलांसाठी, त्यातही मुलींसाठी, त्यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९पासून रात्रीचे वर्ग चालवले. वर्गाची वेळ मुलांच्या सोयीची, शिकवणारा गावातलाच आणि उजेड कंदिलाचा. मुलांना काय आलं हे पाहण्यासाठी परीक्षेचा बागुलबुवा नव्हता. आजूबाजूच्या गावांतली मुलं एकत्र जमायची, बालजत्रा भरायची आणि तिथे हसतखेळत पडताळणी व्हायची. राज्याचं शिक्षण खातं सांभाळलेली बाई कंदिलाच्या वर्गांसाठी अशी जीव ओतते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या भागातलं सांगते. नागपूरजवळ कामठीकडे वीटभट्ट्या आहेत. तिथल्या एका शाळेच्या हजेरीपटावर एका मुलीच्या नावापुढे सलग 'गै' लागलेला दिसला. 'सतत गैरहजर' असा शेरा मारून पुढच्या शाळेला निघता आलं असतं. पण गृहभेट तर आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. म्हणून भट्टीवर गेले. कच्च्या विटांच्या रांगांमध्ये, कडेवर तान्हा भाऊ घेऊन ती उभी होती. मायबाप चिखल तुडवत होते. शाळेत का येत नाहीस विचारलं, तर म्हणाली, "मी शाळेत गेली तं याले कोन पाहीन, बाई?"

याच्यावर कुठल्या शासन निर्णयात उत्तर सापडणार? शाळेतल्या मॅडमशी बोलले. शेजारी अंगणवाडी होती, तिथल्या ताईंशी बोलले. भाऊ अंगणवाडीत आणि बहीण वर्गात, असं ठरलं. खर्च एका पैशाचाही आला नाही. भट्टीचा हंगाम संपेपर्यंत ती शाळेत आली. पावसाळ्यात कुटुंब गावी गेलं, तेव्हा तिच्या हातात हजेरीची नोंद आणि दाखला होता, म्हणजे तिकडच्या शाळेनं तिला परत पहिलीत बसवायला नको.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. वयानुरूप प्रवेशाची तरतूद त्यात आहे, जे. पीं.चा जुना आग्रह त्यात दिसतो. पण कायदा वाचून भट्टीवर जाणारा माणूस खात्यात हवा. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. हेतू चांगला होता, पण जी मुलं आज इथे आणि उद्या तिथे असतात, ती एका दिवसात मोजून होत नाहीत. वस्तीतल्या बायांशी ओळख लागते, मुकादमाशी बोलावं लागतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं. हे काम तुम्हाला येतं. क्षेत्रकार्यात तुम्ही तेच करता.

याच नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली मातृ सेवा संघ उभा केला आणि त्याच संघाने १९५८मध्ये समाजकार्याचं शिक्षण सुरू केलं. इथे या शिक्षणाची परंपरा मोठी आहे, तिचा उपयोग शिक्षण खात्याला अजून पुरेसा झालेला नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्यांनी पसंतीक्रम भरताना शिक्षण सेवा शेवटी टाकू नका, वर लिहा. आणि निवड झाली तर पहिल्या महिन्यात आपल्या तालुक्यातली एक भट्टी, एक पाल आणि एक ऊसतोडीला जाणारी वस्ती स्वतः जाऊन पाहा.